सुरू, झाले आणि एक राहिलेला

मला पसारा बघवत नाही. हे मी गुण म्हणून सांगत नाही. आई त्याला सरळ खोड म्हणते. दुसऱ्याच्या घरी गेले तरी माझा हात टीपॉयवरचे पेपर सारखे करायला जातो. त्यामुळे आमच्या अंधेरीच्या कॉलेजातल्या ऑनलाइन पोर्टलची साफसफाई करायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांनी स्टाफरूममधून एकदा नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली. बाकी सगळे तेवढ्यात चहाच्या कपात काहीतरी शोधायला लागले होते.

पोर्टलची अवस्था खरंच वाईट होती. लॉकडाऊनमध्ये घाईघाईनं सुरू केलेलं ते, तेव्हापासून कुणी आवरलंच नव्हतं. जुना कोर्स रिकामा कसा करायचा हे कुणाला येत नसे, म्हणून प्रत्येक जण दर सहामाहीला नवा उघडी. विद्यार्थ्यानं लॉगिन केलं की पडद्यावर चौकटीच चौकटी. ‘इतिहास सेम तीन’, ‘इतिहास सेम तीन नवा’, ‘इतिहास सेम तीन हाच बघा’. एका सरांनी ‘ट्रायल’ नावाचे सहा कोर्स काढून ठेवले होते. मी ते उडवायला गेले तेव्हा कळलं, की चौथ्या ट्रायलमध्ये ते खरोखर शिकवत होते आणि मुलं इमानदारीत तिथंच गृहपाठ देत होती.

नवरात्राचे नऊ दिवस मी या कामाला दिले. दोन कप्पे केले: ‘सुरू’ आणि ‘झाले’. कुठला कोर्स कुठं जाणार याचा नियमही मीच ठरवला. तीन महिन्यांत ज्या कोर्समध्ये एकही विद्यार्थी फिरकला नाही, तो ‘झाले’मध्ये. तिथं गेलेला कोर्स विद्यार्थ्याला दिसतो, आतलं वाचताही येतं, पण त्याला कुलूप लागतं. त्यात काही देता येत नाही. प्रत्येक कोर्स उघडून बघत बसले असते तर दिवाळी उजाडली असती. यादी काढली, तारखा बघितल्या, खुणा केल्या, एक बटण दाबलं. सगळ्यांचा पडदा स्वच्छ झाला. प्राचार्य म्हणाले, “झकास.” मी दिवसभर हवेत होते.

आता माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगायला हवं. ती माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी आहे, वेसाव्याची कोळीण आहे आणि अंधेरीच्या बाजारात मासे विकते. ऐन विशीत बी.ए.ची तिन्ही वर्षं तिनं पार केली होती, फक्त दुसऱ्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्सची केटी राहिली. मुंबईच्या कॉलेजात शिकलेल्यांना केटी समजवावी लागत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: एखाद्या विषयात नापास झालात तरी तुम्हाला पुढच्या वर्गात जाऊ देतात, तो विषय तेवढा मागे ओढत न्यायचा. पण तो सुटेपर्यंत डिग्री हातात पडत नाही. त्यातही फाउंडेशन कोर्स म्हणजे सगळ्यांना सोपा वाटणारा पेपर. त्यात नापास होणाऱ्याला लोक हसतात. मग तिचं लग्न झालं, मुलं झाली, होडी झाली आणि पेपर तसाच राहिला.

यंदा विद्यापीठानं कळवलं, की जुन्या अभ्यासक्रमाच्या केटीवाल्यांना ही शेवटची संधी, यानंतर तो पेपरच बंद. कॉलेजनं जुनी यादी काढून पत्रं पाठवली. तिघंजण आले. आधी प्रोजेक्ट द्यायचा आणि मग लेखी परीक्षा; दोघांनी मे महिन्यातच प्रोजेक्ट देऊन टाकला. तिसरी ही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ती दर मंगळवारी माझ्याकडे यायची. पोर्टलवर नाही, स्वतः, कागद घेऊन. प्लॅस्टिकच्या पिशवीत फुलस्केप कागद, त्यावर निळ्या शाईतलं ठसठशीत अक्षर. विषय होता वेसाव्याची खाडी, आधीची आणि आताची. मी लाल पेनानं खुणा करायचे, ती पुढच्या मंगळवारी दुरुस्त करून आणायची. मी तिला अहो-जाहो करायचे आणि ती मला ‘मॅडम’ म्हणून पुढे सरळ ‘तू’ म्हणायची. ते ऐकायला मी मंगळवारची वाट बघायचे, हे कबूल करते.

तिनं एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘आधी जाळ्यात मासळी यायची आणि मधेमधे कचरा. आता कचरा येतो आणि मधेमधे मासळी.’ मी त्याखाली लाल शाईनं लिहिलं, ‘छान. संदर्भ द्या.’

“संदर्भ म्हंजे काय गं मॅडम?”

“म्हणजे हे तुम्हाला कुठून कळलं ते लिहायचं.”

“जाल्यातून कललं,” ती म्हणाली. “आनी कुठून कलनार?”

पुढं नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या आणि तिचं येणं बंद झालं. प्रोजेक्ट पक्का लिहून, त्याचे फोटो काढून पोर्टलवर चढवायचे, परीक्षेआधी एवढंच बाकी होतं. मुदत होती दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पाच म्हणजे पाच, हे तिला पाठ होतं. ‘तारीख म्हणजे तारीख’ हे माझं वाक्य कॉलेजात प्रसिद्ध आहे. मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणतात. पाच वाजून चार मिनिटांनी आलेला गृहपाठ मी परत पाठवलेला आहे, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

दसरा झाला. आमच्या घरी नऊ दिवस मासे बंद होते, त्यामुळे आई बुधवारी सकाळपासूनच जवळ्याच्या, म्हणजे सुक्या बारीक कोलंबीच्या, चटणीवर आली होती. कॉलेजातून येताना मी बाजारात गेले. ती बसली होती. मला बघून ती हसली, पण नेहमीसारखी नाही. एरवी ती मला बाजूच्या गिऱ्हाइकांसमोर “ही माझी मॅडम, हिला ताजं द्यायला लागतं, नायतर नापास करील,” असं ऐकवायची. त्या दिवशी तिनं मुकाट्यानं सुका जवळा मापला, टोपलीखालचा एक कागद ओढला, पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. मला वाटलं, दमली असेल. मी बोरिवलीची गाडी गाठायच्या घाईत होते.

घरी आईनं पुडी सोडली. जवळा ताटलीत ओतला आणि कागद खिडकीकडे धरला.

“गो, ह्या तुझा अक्षर मा?”

कागदावर लाल शाईत ‘छान. संदर्भ द्या’ होतं.

मला आधी गंमतच वाटली. प्रोजेक्ट पक्का लिहून झाला असणार, म्हणून कच्च्या कागदांच्या पुड्या. आपली विद्यार्थिनी काही वाया घालवत नाही, असं आईला कौतुकानं सांगितलंसुद्धा. मग म्हटलं, पक्का कसा झालाय बघू या. लॅपटॉप उघडला, पोर्टलवर गेले, ‘सुरू’मध्ये शोधलं. तो कोर्स नव्हता. मला क्षणभर कळेचना. मग मी ‘झाले’ उघडलं आणि तिथं तो होता, शेजारी बारीकसं कुलूप. मेपासून त्या कोर्समध्ये कुणी फिरकलेलं नव्हतं. कसं फिरकणार? ती कागदावर लिहीत होती, आणि ते कागद मीच तपासत होते. माझ्या नियमानं तिला बरोबर मागे टाकलं होतं. तिच्या नावापुढं लिहिलेलं होतं: ‘काहीही सादर केलेलं नाही.’

कुलूप काढायला दोन मिनिटं लागली. पण ते निघालंय हे तिला कोण सांगणार? फोन लावला, तिनं उचलला नाही. परत लावला. आईची चटणी झाली, मी जेवले, पण चव कळली नाही. आई म्हणाली, “फोनार काय सांगतलंस? जाऊन ये.”

गुरुवारी एक वाजेपर्यंत माझी लेक्चर्स होती. ती कशी घेतली आठवत नाही. तिथून वेसावा. बसमधून उतरून कोळीवाड्यात शिरले आणि एका म्हातारीला विचारलं, “त्या कॉलेजात जातात ना, त्या कुठं राहतात?” तिनं बोट दाखवलं. तिथून पुढं प्रत्येक वळणावर कुणीतरी ‘कॉलेजवालीकडं ना?’ म्हणून मला पुढं ढकलत गेलं. सगळ्या गावाला माहीत होतं, ती कॉलेजात जाते म्हणून. सगळं गाव तिच्या डिग्रीकडं डोळे लावून बसलं होतं आणि मी तिथं पोरासारखी अपराधी होऊन चालले होते.

ती किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत बोंबील वाळत घालत होती. बांबू रोवून, त्यावर आडव्या दोऱ्या बांधून केलेला मांडव, आणि शेजारी ओल्या बोंबलांच्या दोन टोपल्या.

“मॅडम? तू हितं?”

“प्रोजेक्ट कुठंय?”

“तुझ्या जवल्याला गुंडाललाय ना.”

“तो कच्चा. पक्का कुठंय?”

तिनं हातातला बोंबील उलटसुलट केला. मग म्हणाली, “त्याची बी पुडी लावली काल. चार पानं गेली. बाकीची हायेत घरात.”

मी तिथल्या उलट्या टोपलीवर बसलेच. पुढं तिनं सांगितलं ते असं: सोमवारी तिनं फोटो चढवायला मोबाइल हातात घेतला, तर कोर्स ‘झाले’मध्ये. बटणच नाही. तिनं दोन-तीनदा उघडून बंद करून बघितलं. मग तिला वाटलं, शेवटची संधी म्हणत होते ती झाली.

“मला फोन का नाही केलात?”

“कशाला? तूच केलंस असं वाटलं मना. तू सांगितलेलंस ना, पोर्टल तू साफ करतेस म्हणून. आनी तू म्हनतेस ना, तारीख म्हंजे तारीख. मग तुझ्याशी काय भांडायचं? तू कुनालाच सोडत नायस.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

“मुदत उद्या पाचपर्यंत आहे,” मी म्हटलं. “आधीही उद्याचीच होती. कोर्स संपलेला नव्हता. मी न बघता मागे टाकला. चूक माझी आहे, सगळी.”

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग हातातला बोंबील टोपलीत टाकला.

“मी पावसात होडी वर काढते, झावलांनी शाकारून ठेवते. म्हंजे ती मोडीत काढली काय? आत कुनी बसलं नाय म्हनून?”

“नाही.”

“मग तुझ्या मशिनीला एवढं कलत नाय?”

“मशीनला नाही, मलाच कळलं नाही,” मी म्हटलं. हे वाक्य बोलायला मला फार जड गेलं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

आता प्रश्न चार पानांचा होता. ती तिच्याच हस्ताक्षरात हवी होती, आणि दुपारची होडी नुकतीच लागल्यानं टोपल्या भरलेल्या. बोंबील वाट बघत नाही. वेळेत दोरीवर गेला नाही तर खराब होतो. शेवटी तिनंच निर्णय दिला. “मी लिवते. तू बोंबील लाव.”

बोंबील लावायची एक रीत आहे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. ऐकायला सोपं आहे. माझ्या पहिल्या सहा जोड्या खाली पडल्या. ती उंबऱ्यावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहीत होती आणि मान वर न करता मला ओरडत होती. “दात दातात जाऊ दे. हां. नाय, तसं नाय गं बाय, तो रुसल्यासारखा बसलाय. परत कर.” मी परत केलं. मुलांचे गृहपाठ मी आयुष्यभर असेच परत केले होते. समोरच्या ओट्यावरच्या दोन बायका काम सोडून माझा तमाशा बघत होत्या.

तिचं एका पानावर अडलं. तिसऱ्या पानाचा मजकूर तिला आठवेना, कच्चंही गेलेलं. मी ओल्या हातानं पर्स उघडली आणि जवळ्याचा वास मारणारा तो कागद काढून दिला. का कुणास ठाऊक, सकाळी निघताना मी तो घडी करून घेतला होता. तिनं तो गुडघ्यावर सरळ केला, माझ्या लाल शाईवरून बोट फिरवलं.

“संदर्भ देऊ काय गं?”

“नको,” मी म्हटलं. “आहे तसंच ठेवा.”

टोपली अर्ध्यावर आली असेल, तेव्हा मी तिला ती गोष्ट सांगितली. कॉलेजात मी ती कुणालाच सांगितलेली नाही. “मलाही फाउंडेशनला केटी लागली होती. दुसऱ्या वर्षाला.”

तिचं पेन थांबलं. “तुला?”

“मला. बाबांची गिरणी बंद पडलेली, मी बोरिवलीहून शिकवण्या करत कॉलेजला यायचे. तो पेपर सोपा म्हणून वाचलाच नाही. निकालाचा कागद तांदळाच्या डब्यात लपवला होता.”

ती हसायला लागली. इतकी हसली, की पुठ्ठा मांडीवरून घसरला. समोरच्या बायकांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी घाबरून तिच्याकडं बघितलं. “काय नाय,” ती त्यांना म्हणाली, “मॅडमला बोंबील चावला.” मग आवाज उतरवून मला म्हणाली, “आधी सांगायचंस ना. मना वाटायचं, मी एकटीच असली ढ.” मला ज्याची इतकी वर्षं लाज वाटत होती, ते कुणाच्या उपयोगी पडलं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा चार पानं झाली होती आणि बोंबीलही लागले होते. माझ्या जोड्या तिच्या जोड्यांशेजारी वेड्यावाकड्या लोंबत होत्या. माझी खोड वर आली, मी त्या सारख्या करायला गेले, तर ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. वाललं की सगले सारखेच.”

शुक्रवारी बाजार दुपारपर्यंत आटपून ती तीनला कॉलेजात आली. अंगावर ठेवणीतलं जरीचं लुगडं होतं. कॉम्प्युटर रूममध्ये आम्ही एकेक पान स्कॅन केलं. पोर्टलवर कोर्स ‘सुरू’मध्ये होता, तिनं तो स्वतः उघडला, फाइल निवडली, बटण दाबलं. हिरवी खूण आली. पावणेचार वाजले होते. ती म्हणाली, “वेलेत हाय ना?” मी म्हटलं, वेळेत आहे.

त्या दिवशी तिला फाटकापर्यंत सोडून मी परत वर गेले आणि ‘झाले’मधले सगळे कोर्स एकेक करून उघडले. जे काम नवरात्रात कंटाळा केला म्हणून टाळलं होतं, तेच. आणखी पाच कोर्स सापडले, ज्यांत कुणाची ना कुणाची केटी अडकलेली होती. कुणी दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला, कुणी बाळंतपणासाठी गावी गेलेली. त्यांच्यासाठी मी दोन कप्प्यांच्या मध्ये तिसरा केला आणि त्याला नाव दिलं ‘राहिलेले’. निकाल लागेपर्यंत तिचाही कोर्स तिथंच ठेवला. प्राचार्यांनी विचारलं, कॉलेज तपासायला येणाऱ्या समितीला हे काय म्हणून सांगायचं? मी म्हटलं, मी सांगेन. मग बसून पाचही जणांना फोन केले.

लेखी परीक्षा झाली, आणि निकाल लागला थंडीत, एका शुक्रवारी. मला आधीच समजलं होतं, पण मी तिला फोन केला नाही. ते तिनं स्वतः बघायचं होतं. सकाळी अकराला ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात डबा होता. पेढे असतील म्हणून सगळे सरसावले, तर त्यात तळलेले बोंबील निघाले. सुकवलेले नाहीत, ताजे. शाकाहारी सरांनी कौतुकानं डब्याला नमस्कार केला.

“मॅडम,” ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “माझा कोर्स अजून त्या मधल्यात दिसतोय. आता त्याला मागं टाक.”

“टाकते.”

“नाय, थांब. मी टाकते.”

मी खुर्ची सोडली. ती बसली, पदरानं बोट पुसलं आणि मी दाखवलं तिथं दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: ‘हा कोर्स “झाले” मध्ये हलवायचा आहे. खात्री आहे?’ तिनं तो मोठ्यानं वाचला. दोनदा वाचला.

“मागं गेलं तरी मना दिसंल ना?”

“कधीही उघडा. दिसेल.”

तिनं ‘हो’ दाबलं. ‘राहिलेले’मधून तिची चौकट गेली आणि ‘झाले’मध्ये सगळ्यात वर येऊन बसली, शेजारी ते बारीक कुलूप. ती त्याच्याकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणी तिच्या होतं आणि माझ्याही. मी ते लपवलं नाही.

“पंचवीस वर्षं सुरूच होतं बघ हे,” ती म्हणाली. “आता झालं.”

मग डब्याचं झाकण लावून ती उठली. शुक्रवार होता, बाजार भरात होता, आणि टोपलीपाशी ती शेजारणीला बसवून आली होती.